लच्छूच्या मनगटावरचा शनिवार

लच्छू मुरमुरेवाल्याने लग्नात मिळालेलं घड्याळ तीनदा सासऱ्याला परत धाडलं होतं. बत्तीस वर्षं झाली, पण ब्रह्मपुरीतल्या त्याच्या गल्लीत ही गोष्ट कोणी विसरलेलं नाही. आणि कोणी विसरायला लागलंच तर आठवण करून द्यायला शेजारची नीलाबाई आहेच.

झालं असं होतं. लच्छू धानाच्या मुलखातला आणि त्याची अन्नपूर्णा कोरपन्याकडची, म्हणजे कापसाच्या मुलखातली. सोयरिकीच्या बैठकीत लच्छूच्या बापाने सायकल मागितली, आणि बाप पाणी प्यायला उठला तेवढ्यात लच्छूने हळूच घड्याळ मागितलं. सासरा खास चंद्रपूरला गेला आणि दुकानातलं सगळ्यांत भारी घड्याळ घेऊन आला. आपोआप चालणारं. त्याला सेल लागत नव्हता, रोज चावी द्यावी लागत नव्हती. हात हलला की आतली एक चकती फिरते आणि तीच घड्याळाला चावी देते. तबकडीवर तारखेची आणि वाराची छोटी खिडकीसुद्धा होती, आणि त्यात वार चक्क देवनागरीत. दुकानदाराने हे सगळं सासऱ्याला नीट समजावून सांगितलं. सासऱ्याने मान हलवली आणि लग्नाच्या धांदलीत जावयाला सांगायचं तेवढं विसरला.

आता आपल्याकडे भारी वस्तू घरात आली की माणूस ती काय करतो? पेटीत ठेवतो. लच्छूनेही तेच केलं. घड्याळ मऊ फडक्यात गुंडाळलं, वर प्लास्टिक, त्यावर मायचं जुनं लुगडं, आणि पेटीला कुलूप. चार दिवसांनी मित्रांना दाखवायला काढलं तर बंद. कापूसवाल्यांनी फसवलं, म्हणून घरात बोलणी सुरू झाली आणि ती ऐकायला समोर नवी नवरी होतीच. घड्याळ कोरपन्याला परत गेलं. सासऱ्याने ते मनगटावर बांधलं, दोन दिवस बैलांच्या मागे हिंडला, घड्याळ ठणठणीत. तो तसाच एसटीने आला, चालतं घड्याळ जावयाच्या हातात दिलं, जेवला आणि गेला. लच्छूने ते पुन्हा पेटीत ठेवलं. जावई घड्याळ पेटीत कोंडून ठेवतो हे सासऱ्याच्या स्वप्नातही आलं नाही, आणि सासरा ते बांधून नांगर हाकतो हे लच्छूला कोणी सांगितलं नाही. असं दोनदा झालं. एसटीचे कंडक्टर त्या घड्याळाला ओळखायला लागले होते म्हणतात. म्हणणारी अर्थात नीलाबाईच.

तिसऱ्या खेपेला घड्याळ घेऊन सासू आली. सुगंधाबाई तिचं नाव. बाई उंचीने लहान, पण आवाजाने तालुक्याएवढी. तिने ते घड्याळ आठ दिवस स्वतःच्या मनगटावर बांधून कापूस वेचला होता, आणि एक मिनिटही ते थांबलं नव्हतं. लच्छूने तिच्या हातून ते घेतलं आणि सवयीने पेटी उघडायला वाकला. सुगंधाबाईने ते पाहिलं आणि तिच्या ध्यानात सगळा प्रकार आला. दारात गल्लीतल्या बायका जमलेल्याच होत्या.

"जवाईबापू," ती म्हणाली, "हे घड्याळ काम करणाऱ्याच्या हातावर चालते. बसून खाणाऱ्याच्या पेटीत नाई."

बायका हसल्या. नवी नवरी तोंडाला पदर लावून हसली, आणि लच्छूला ते तिचं हसणंच जास्त लागलं. कारण सासू खोटं बोलली नव्हती. त्या काळी बाप भट्टी पेटवायचा आणि लेक पानठेल्यावर बसायचा. दुसऱ्या दिवशी लच्छूने घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं आणि भट्टीसमोर जाऊन बसला. तो जो बसला, तो बसलाच.

मुरमुऱ्याचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. कढईत रेती तापवायची, तिच्यात मिठाचं पाणी लावून वाळवलेले तांदूळ टाकायचे, दोनदा ढवळायचे. ते फुलून वर आले की चाळणीत उपसायचे आणि दोन्ही हातांनी चाळणी अशी हलवायची की रेती खाली आणि मुरमुरा वर. एक क्षण उशीर झाला तर करपतो, लवकर काढला तर दाताखाली खडा. दिवसभर मनगटं हलत राहतात. त्या चंद्रपूरच्या दुकानदाराने आपल्या घड्याळाला याहून चांगलं स्थळ शोधूनही मिळवलं नसतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात, त्या दिवसांत तर लच्छू इतका हलायचा की ते घड्याळ दमत असेल. तारखेचा आकडा तीस दिवसांच्या महिन्यांत चुके, म्हणून त्याकडे कोणी पाहत नसे. वार मात्र बत्तीस वर्षांत एकदाही चुकला नाही. बाजाराला निघालेल्या बाया मुद्दाम लच्छूच्या मनगटाकडे डोकावून जात.

समोर अन्नपूर्णा बसायची, तांदळाला मिठाचं पाणी लावत. दोघांचं भांडण ठरलेलं होतं. ती म्हणायची, या मुलखात माणसं भात खातात की भात माणसांना खातो ते कळत नाही, तासाभरात पोट रिकामं. तो म्हणायचा, तुमच्याकडची ज्वारीची भाकर खायला आधी दातांना विचारावं लागतं. तरी दर गुरुवारी ती स्वतःपुरती भाकर थापायची, आणि दर गुरुवारी तो तिच्या ताटातली अर्धी मोडून घ्यायचा आणि नाक मुरडत खायचा. लेक दिव्यानी लग्न होऊन आरमोरीला गेली, त्यानंतर हे भांडण जरा वाढलं, एवढंच. घरात दुसरा आवाज नको का?

यंदा संक्रांतीचे मुरमुऱ्याचे लाडू वळून झाले आणि कोरपन्याहून फोन आला. सुगंधाबाई अंगणात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. वय अठ्ठ्याऐंशी. भाऊ बिरजू वावरात, त्याची बायको अंगणवाडीत. दिवसभर म्हातारीजवळ बसणारं कोणी नाही. अन्नपूर्णाने दोन लुगडी थैलीत घातली आणि पंधरा दिवसांसाठी निघाली. बसस्टँडवर लच्छू खिडकीखाली उभा होता. बत्तीस वर्षांच्या संसारात काय बोलायचं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. बस हलली तेव्हा ती म्हणाली, घड्याळ तेवढं बंद पडू देऊ नका.

पंधरा दिवसांचा महिना झाला. महिन्याची होळी झाली. मोहफुलं पडून गेली, आंब्याला कैऱ्या धरल्या, तरी अन्नपूर्णा कोरपन्यालाच. रोज सकाळी सात वाजता तिचा फोन यायचा. लोकांच्या बायका फोनवर विचारतात, जेवले का, झोप लागली का, आठवण येते का. अन्नपूर्णा विचारायची, "घड्याळ चालू हाय ना?" लच्छू म्हणायचा, "चालू हाय." मग ती म्हातारीचं सांगायची आणि फोन ठेवायची. पण त्या एका सवालात सगळं आलेलं असायचं. घड्याळ चालू म्हणजे भट्टी चालू. भट्टी चालू म्हणजे माणूस उठतो, बसतो, खातो.

खातो म्हणजे, भात खातो. एका गुरुवारी लच्छू ज्वारीचं पीठ घेऊन आला आणि दार लावून भाकर थापायला बसला. नीलाबाईने कुंपणावरून खिडकीतून पाहिलं आणि दिवसभर सगळ्यांना सांगितलं की लच्छूभाऊंनी परातीत आंध्र आणि छत्तीसगडचा नकाशा काढला. ती भाकर त्याने नकाशासकट खाल्ली. नाक मुरडायला समोर कोणी नव्हतं, म्हणून न मुरडता.

त्याला एकच गोष्ट पाहिजे होती: ती परत यावी. पण ही गोष्ट मागायची तरी कशी? ती कधी येणार? म्हातारी हिंडू-फिरू लागेल तेव्हा, आणि ते तर डॉक्टरांनीच हात हलवून सांगितलं होतं. नाहीतर मग दुसरं. त्या दुसऱ्याचं नाव लच्छू मनातही घेत नसे. एका शनिवारी मारुतीसमोर नारळ फोडून त्याने डोळे मिटले आणि मनात म्हणाला, देवा, तिले लवकर धाड. म्हणून झाल्यावर त्याला उमगलं की आपण काय मागितलं. त्याने जीभ चावली, दोन्ही कान धरले, आणि मागितलेलं परत घेतलं. घड्याळ परत करायची सवय होती, मागणं परत करायची ती पहिलीच वेळ.

चैत्रात त्याला ताप आला. एका रविवारी दुपारी तो भट्टीवरून उठला तो आत जाऊन अंथरुणावर पडला. नीलाबाई जिभेने कशीही असो, हाताने सोनं आहे. तिने डॉक्टर आणला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, भाताची पेज पाजली. पट्ट्या ठेवताना भारी घड्याळ भिजू नये म्हणून तिने ते त्याच्या मनगटावरून सोडलं, फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं. होय, त्याच पेटीत. बत्तीस वर्षं लच्छूला हसणारी बाई, पण भारी वस्तू हातात आल्यावर तिलाही दुसरं काही सुचलं नाही.

सकाळी सातचा फोन आला की लच्छू अंथरुणातून "चालू हाय" म्हणायचा. नीलाबाईला त्याने दिव्यानीची शपथ घातली होती की कोरपन्याला तापाचं कळता कामा नये. अन्नपूर्णा तिकडे म्हातारीला टाकून येणार नाही आणि इकडे जीव टांगून बसेल. नीलाबाईने शपथ पाळली. चार दिवस तिचं पोट दुखत होतं म्हणे.

गुरुवारी ताप उतरला. लच्छू भिंतीला धरून उठला, पेटी उघडली. घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"घड्याळ चालू हाय ना?"

लच्छूने तळहातावरच्या त्या थंड घड्याळाकडे पाहिलं. "चालू हाय," म्हणाला.

बायकोशी तो याआधी खोटं बोलला नसेल असं नाही, पण घड्याळाबद्दल बोलला नव्हता. फोन ठेवल्यावर त्याला घड्याळवाल्या वहाबभाईंचं बोलणं आठवलं. साफसफाईला घड्याळ नेलं असताना वहाबभाईंनी सांगितलं होतं, लच्छूभाऊ, कधी थांबलंच तर नुसतं झटकत बसू नका. ही बाजूची चावी बाहेर न ओढता हळू पुढे फिरवा, वीस-पंचवीस फेरे, मग काटे लावा. लच्छूने चिमटीत चावी धरली. बोटांत त्राण नव्हतं. पहिल्या फेऱ्याला आतून किरकिर आवाज आला, जणू आत कोणी बारीक मुरमुरे चावतंय. सहाव्या-सातव्या फेऱ्याला सेकंदाचा काटा थरथरला आणि निघाला. लच्छूने पंचवीस फेरे पुरे केले, मोबाईलमध्ये बघून काटे लावले आणि घड्याळ मनगटावर चढवलं. चष्मा फळीवर होता. वाराच्या खिडकीकडे त्याने पाहिलंच नाही. बत्तीस वर्षांत तिकडे पाहायची त्याला गरज पडली नव्हती.

अंगात बळ नव्हतं, म्हणून भट्टी आणखी आठ-दहा दिवस बंदच राहिली. हात हलत नव्हता, तर घड्याळ कशाच्या जोरावर चालेल? म्हणून रोज सकाळी, सातच्या आत, तो चावी द्यायचा. भिंतीकडे तोंड करून द्यायचा. सुगंधाबाईचं ते वाक्य त्याच्या मानेवर बसलेलं होतं. आपोआप चालणारं घड्याळ हाताने चालवायचं म्हणजे आळशी माणसाने कामसूचं सोंग आणायचं. एकदा नीलाबाईने कुंपणावरून हटकलंच.

"लच्छूभाऊ, भिंतीशी काय बोलून राह्यले?"

"कान खाजवून राह्यलो."

"दोन्ही हातानं?"

लच्छू दार लावून आत गेला. त्याच दिवशी त्याने ठरवलं की जायचं आणि तिला घेऊन यायचं. म्हातारीचं काहीतरी होईल, बिरजू बघेल, एखादी बाई ठेवील. आपला बी जीव आहे. एक दिवस कशीबशी भट्टी पेटवून त्याने सासूसाठी बारीक तांदळाचा मऊ मुरमुरा फोडला, तिला दात नाहीत म्हणून, आणि बुधवारी पहाटेची चंद्रपूर बस धरली. नागभीड, सिंदेवाही, मूल, जंगलातून रस्ता. लच्छूला काही दिसत नव्हतं. तो ओठांतल्या ओठांत बोलणं बसवत होता: चार दिवस पडून होतो, पेज शेजारणीनं पाजली, आता तू चल. चंद्रपूरला बस बदलली. राजुरा गेलं, गडचांदूर गेलं, धानाच्या बांध्या केव्हाच संपून काळी रानं लागली. बोलणं पाठ झालं होतं.

दारात पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काटक्यांचा, ढीग होता. त्याच्या आडून अन्नपूर्णा घागर घेऊन आली आणि त्याला पाहून थांबली. ती वाळली होती. केस कानामागे पांढरे झाले होते. चार महिन्यांत की आधीपासूनच, ते लच्छूला सांगता येईना. जेवले का, तिने विचारलं, आणि घागर खाली न ठेवताच आत वळली. पाठ झालेलं बोलणं त्या वळणावरच सांडलं.

सुगंधाबाई खाटेवर होती, आता खाटेतच मावून गेल्यासारखी. तिने आवाज ओळखला. हात पुढे करून चाचपत त्याचं मनगट पकडलं, ओढून घड्याळ कानाशी नेलं आणि बराच वेळ ऐकत राहिली. "चालून राह्यलं," ती म्हणाली. "जवाई कामाचा निघाला." लच्छूला वाटलं, जमीन फाटावी. त्या सकाळीच त्याने चावी दिली होती.

अन्नपूर्णाने पाण्याचा गडवा पुढे केला, आणि म्हातारीच्या हातून सुटलेलं ते मनगट आपल्याकडे वळवून सवयीने पाहिलं. तिचे डोळे त्याच्यापेक्षा चांगले.

"आज बुधवार हाय," ती म्हणाली. "इथी सोमवार काऊन?"

लच्छूने बाही खाली ओढली.

"कवा बंद पडलं?"

मग त्याने सांगितलं. पाठ केलेलं नाही, साधंच: रविवारी पडलो, गुरुवारी उठलो, पेटीत होतं. ती ऐकत होती. पेज कोणी दिली विचारलं, डॉक्टर कोणता ते विचारलं. फोनवर खोटं का बोलले, ते विचारलं नाही. उठली, खुंटीवरची थैली काढली, दोरीवरची दोन लुगडी ओढली आणि घडी करायला लागली. "उद्याच्या गाडीनं मी येऊन राह्यली," म्हणाली. तिचे हात भराभर चालले होते.

ज्यासाठी तो दोनशे किलोमीटर आला होता ते एवढ्यात झालं होतं. तेवढ्यात म्हातारीने पाणी मागितलं. लच्छूच जवळ होता. त्याने गडवा तिच्या ओठांना लावला, आणि सगळं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. तिला ठसका लागला. अन्नपूर्णा थैली टाकून आली. तिने एक हात मानेखाली घातला, अंगठ्याने जबडा जरासा दाबला, चमच्याने दोन थेंब टाकले, थांबली, पुन्हा दोन थेंब. म्हातारीने गिळलं. चार महिन्यांत शिकलेलं काम होतं ते. लच्छूला कळतं तसं काम: एक क्षण लवकर नाही, एक क्षण उशीर नाही.

तो उठला. थैलीतली लुगडी काढून त्याने पुन्हा दोरीवर टाकली, उलटीसुलटी, आणि सांगितलं की ताप काही मोठा नव्हता, नीलाबाई आहे, भट्टी पेटली आहे. अन्नपूर्णाने दोरीवरची लुगडी सरळ केली. संध्याकाळी त्याच्या ताटात भाकर आली आणि त्याने ती नाक मुरडत खाल्ली. ती हसली. लग्नातल्यासारखीच, पदर लावून.

सकाळी तो निघताना तिने त्याचा हात धरला, घड्याळाची चावी जराशी बाहेर ओढून वार सरळ करायला लागली. लच्छूने हात मागे घेतला.

"राहू दे."

"काऊन?"

"तू गेल्याले यात दोन दिस कमी झाले."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग चावी परत दाबून बसवली. म्हातारपणी लई बोलाले शिकले, एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून पऱ्हाट्या मोडायला लागली, चुलीला त्या वेळी जरूर नसताना.

आता भट्टी रोज पेटते. चाळणी हलते, मनगट हलतं, चावी द्यावी लागत नाही. फक्त वार तेवढा दोन दिवस मागे आहे. वहाबभाई येता-जाता म्हणतात, आणा इकडे, मिनिटाचं काम आहे. लच्छू हात पाठीमागे नेतो. बाजाराला जाणाऱ्या बाया आता त्याच्या मनगटाकडे पाहत नाहीत. नीलाबाई मात्र रोज न चुकता मोठ्याने विचारते, लच्छूभाऊ, आज वार कोणता? आणि तो घड्याळात बघून सांगतो. सगळी गल्ली हसते, तोही हसतो.

परवा सोमवारी सात वाजता फोन आला. म्हातारी तशीच आहे, दोन चमचे दूध घेतलं, तुमचा मुरमुरा भिजवून खाल्ला. मग नेहमीचा सवाल.

"घड्याळ चालू हाय ना?"

"चालू हाय."

"वार?"

लच्छूने फळीवरचा चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला. "शनिवार," म्हणाला.

कोरपन्याकडे कुठेतरी कोंबडा ओरडला.

"बरोबर हाय," अन्नपूर्णा म्हणाली, आणि फोन ठेवला.